लेडीजला बोलवा

ज्या दिवशी मी मेले तो दिवस मला आठवत नाही. त्यामुळे त्या दिवसाबद्दल मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकीव आहे. ‘मेले’ म्हटलं की आमच्या घरात अजून कुणीतरी दचकतं आणि ‘असं बोलू नये गं’ म्हणतं. पण हृदय थांबलं होतं, श्वास थांबला होता. याला दुसरं काय म्हणायचं? हाफ डे?

मी सुनीता. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, उंची कमी, बडबड जास्त. राहायला चऱ्होलीत, कामाला निघोज्याजवळच्या एका कंपनीत. माहेर-सासर दोन्ही उदगीरकडचं. लिहिण्याबिहिण्याशी माझा संबंध नाही. पण मध्ये तपासणीला गेले होते तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई भेटली. तिच्या नवऱ्याला माझ्यासारखंच झालं होतं. घरी गेल्यावर काय होतं, झोप लागते का, भीती जाते का, असं ती खोदून खोदून विचारत होती. मी सांगत बसले आणि माझा नंबर निघून गेला. तेव्हा माझी मुलगी ऋतुजा म्हणाली, “आई, तू हे लिहूनच काढ. म्हणजे आपण वेळेत घरी तरी जाऊ.”

म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या कंपनीत, शाळेत, सोसायटीत भिंतीवर, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या शॉकच्या मशीनची पेटी लावायची चर्चा चाललीय त्यांच्यासाठी. पुरुषांनी जरूर वाचावं.

हवा येऊ द्या

आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग होतं. गाडीच्या पोटात रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही उभ्या फळ्यावर एकेक वायर लावून बांधतो. लाइनवर जवळजवळ सगळ्या बायका आणि देखरेखीला जवळजवळ सगळे पुरुष. ही तक्रार नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

त्या दिवशीचं मला शैलानं सांगितलं. शैला माझ्या शेजारच्या फळ्यावर असते. निघोज्यातलीच, गावची सून.

“तू म्हणलीस, माझं डोकं गरगरतंय. मी म्हणलं, उपास हाय का? तू म्हणलीस, व्हय. आन् पडलीस.”

उपास नव्हता. पण गरगरतंय म्हटलं की लोक चौकशा करतात आणि उपास आहे म्हटलं की मान देतात. बाईमाणसानं आजारी पडायचा सोपा रस्ता म्हणजे उपास.

घाडगे सर आमचे सुपरवायझर. कंपनीनं दिलेलं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग त्यांनी मन लावून घेतलेलं. मी पडले तशी ते धावत आले, एकाला शॉकचं मशीन आणायला ऑफिसच्या लॉबीत पिटाळलं आणि अंगावरच्या कंपनीच्या कोटावरूनच माझी छाती दाबायला लागले. मशीन लॉबीत होतं, कारण ते परदेशातून येणाऱ्या गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून घेतलं होतं. काचेच्या कपाटात, क्वालिटीच्या ढालींच्या शेजारी त्याची जागा. तरी ते आलं. लांबून का होईना, आलं.

मधल्या वेळात बाकीच्या सुपरवायझरांनी आपल्या परीनं एक चांगलं काम केलं होतं. “गर्दी करू नका, हवा येऊ द्या!” असं ओरडत त्यांनी सगळ्या बायकांना कँटीनकडं हाकललं होतं. आपल्याकडं माणूस पडलं की पहिलं औषध हवा आणि दुसरं कांदा. हवा मला भरपूर मिळाली. कांदाही कँटीनमधून निघाला होता असं ऐकते.

मशीन उघडलं. त्यातली बाई इंग्रजीत बोलायला लागली, रुग्णाच्या छातीवरचे कपडे काढा. कपडे निघेपर्यंत ती तेच सांगत राहते. आणि तेवढं इंग्रजी न कळणारा तिथं कुणीच नव्हता.

घाडगे सरांचे हात थांबले.

“लेडीजला बोलवा!” ते ओरडले. “अरे, लेडीज कोण आहे का? लेडीजला बोलवा!”

लेडीज कँटीनमध्ये होत्या. फर्स्ट एडच्या सिस्टर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी बोट बांधायला गेल्या होत्या.

शैला पळत आली तेव्हा तिनं जे बघितलं, ते ती अजूनही आवाज खाली करून सांगते. “समदे गडी तुझ्याभवती गोल उभे. पाठ करून. तोंडं भाईर, पाठी तुझ्याकडं. मधी तू, आन् गुडघ्यावर घाडगे सर. हातात ती चिकटवायची पॅडं धरल्याली आन् मान वळवून भिताडाकडं बघत्यात. मला वाटलं, गेली ही. गेल्यावरच आसं उभं ऱ्हात्यात की.”

माझी लाज राखत होते ते. सगळे चांगल्या घरचे, आयाबहिणींना मान देणारे. त्यातल्या एकाचाही मला राग येत नाही, आणि हेच सगळ्यात वाईट आहे, कारण राग आला असता तर कुणावर तरी काढता आला असता. माझी लाज पूर्ण राखली गेली. जीव तेवढा जात होता.

शैलानं वायर कापायच्या कात्रीनं माझा कोट आणि आतला कुर्ता उभा कापला. मंगळसूत्र मध्ये आलं. “तोडलं न्हाई हां, शपथ. मागं ढकललं. दोनचार मणी गेलं आसतील.” मग तिनं सरांच्या अंगावर ओरडून पॅडं लावून घेतली. मशीननं झटका दिला आणि मी परत आले.

मध्ये किती वेळ गेला हे मला कुणी सांगत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, “थोडाच.”

दारातली लाज

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? ‘मी कुठं आहे’ नाही. ‘ऋतुजा कुठाय’ नाही. मी म्हणाले, “माझे कपडे कुठायत?” डॉक्टर खूश झाले, बाई अर्थाचं बोलतेय म्हणून. सिस्टरनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कापलेला कुर्ता काढून दाखवला. मी तो मागून घेतला. शिवून वापरता येईल असं मला वाटलं होतं.

आयसीयूमध्ये दिवस-रात्र कळत नाही. मला सकाळ कळायची ती अंग पुसणाऱ्या मावशींमुळं. त्यांच्या बादलीचा आवाज आला की मी चादर हनुवटीपर्यंत ओढून धरायची. सगळीकडं नळ्या, तोंडावर मास्क, आणि मी चादर धरून बसलेली. मावशींनी दोनतीनदा बघितलं. मग म्हणाल्या, “ताई, हितं लाज दारात काढून ठेवायची, चपलांशेजारी. घरी जाताना घालून जायची. कोन न्हेत नाय.” मला हसू आलं, बरगड्या ठणकल्या, आणि हातातून चादर सुटली. छाती दाबताना बरगड्यांना मार बसतो, हे ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना सांगून ठेवते. हसू येईल असं कुणी भेटायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एक तरुण डॉक्टर रोज येऊन वस्तूंची नावं विचारायची. चमचा, घड्याळ, चावी, सगळं सांगितलं. मग तिनं स्वतःच्या ओढणीचा रंग विचारला. रंग मला दिसत होता. तो वांग्याचा आहे हे माहीत होतं. शब्द मात्र जागेवर नव्हता. मी म्हणाले, “वांगं.” ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मी डोळे मिटून एकेक वायर आठवायला लागले. लाइनवर हाक यायची, ब्राऊन-व्हाइट, ग्रीन-यलो, आणि माझा हात आपोआप जायचा. आता वायरी दिसत होत्या, पण त्यांची नावं कुणीतरी पुसून नेली होती. काही पुढं परत आली. काही नाही आली. लाइनच्या वेगाला तर एकही टिकलं नाही.

घाडगे सरांनी ‘लेडीजला बोलवा’ म्हटलं, त्या थोड्याच वेळात माझे रंग गेले.

कोण कोण होतं

ऋतुजाचे वडील भोसरीत लेथवर काम करतात. त्यांचं नाव दिलीप, पण मुलगी बोलायला लागली तेव्हापासून तिच्याबरोबर मीही त्यांना पप्पा म्हणते. मी आयसीयूत होते तेवढे दिवस हा माणूस घरी गेला नाही. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून पडायचा आणि केळी खाऊन राहायचा. दाढी वाढून तो इतका भयाण दिसायला लागला की भेटायला आलेल्या नातेवाइकांना वाटायचं, पेशंट हाच.

हे सांगून झालं, आता दुसरं सांगते.

शैला भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं. ऋतुजा मागंच उभी होती, म्हणून हे मला कळलं.

“तिथं कोण कोण होतं?”

“कुठं?”

“ते... कपडे कापले तवा. गडीमाणसं होती का?”

“व्हती की.”

“किती होती?”

शैला म्हणाली, “भावजी, जित्ती हाय ती. मोजायचं आसंल तर आत जाऊन तिचा श्वास मोजा.”

ऋतुजा त्यानंतर काही दिवस बापाशी बोलेना. घरी आल्यावर तिनं मला सांगितलं, तेव्हा मलाही राग आला. पण शुद्धीवर आल्याआल्या मी स्वतः काय विचारलं होतं? आम्ही नवराबायको एकाच माळेचे मणी. फरक एवढाच की मी विचारलं तेव्हा डॉक्टर खूश झाले होते.

रिक्षातलं बोलणं

डॉक्टर म्हणाले, माझ्या हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत, दोष हृदयातल्या विजेचा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं वायरिंग केलं, आणि माझं मात्र जन्मापासून सदोष निघालं. आमच्या लाइनवर असा जुडगा बाद म्हणून लाल पेटीत टाकतात. मला त्यांनी टाकलं नाही, डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक छोटं मशीन बसवलं. हृदय पुन्हा भरकटलं तर ते आतूनच झटका देणार.

मग त्यांनी विचारलं, “मुलं किती?”

हा दोष घरात उतरू शकतो. ऋतुजाची तपासणी झाली. तिच्यातही तोच निघाला.

तिला लगेच मशीन बसवायची गरज नाही, असं ते म्हणाले. गोळ्या घ्यायच्या, पळापळ टाळायची, तपासणी चुकवायची नाही. “पण आजूबाजूच्यांना माहीत असू द्या. आणि ती जिथं जास्त वेळ असते तिथं शॉकचं मशीन कुठं आहे ते बघून ठेवा.”

परत येताना रिक्षात बसलो. मग पप्पा समोर बघत म्हणाले, “हे कुणाला सांगायचं न्हाई.”

त्यामागचं कारण मला माहीत होतं. ऋतुजा ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्याच बिल्डिंगमधल्या सोनवणे वहिनींच्या भाच्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला. घरच्यांच्या संमतीनं दोघं एकदोनदा बाहेर भेटली होती, आणि परत आल्यावर पोरगी उगाचच घरातली भांडी घासायला लागली होती. म्हणजे आवडला होता.

“पप्पा, आणि मी पडले तर?” ऋतुजानं विचारलं.

“न्हाई पडत.”

“आई पडली ना.”

“आईचं वेगळं हाय.”

“काय वेगळं आहे?”

“तिचं लग्न झालेलं हाय.”

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. मला हसू आलं, खांद्याचे टाके ओढले गेले, आणि त्या निमित्तानं मी रडून घेतलं.

त्या दिवसापासून माझी भीती बदलली. माझ्या आत मशीन आहे, मला कुणाची वाट बघावी लागणार नाही. तिच्याजवळ असतील ती फक्त माणसं. पोरगी कॉलेजात पडली, बसस्टॉपवर पडली, आमच्या पार्किंगमध्ये पडली, आणि चांगल्या घरचे सगळे तिच्याभोवती पाठ करून गोल उभे राहिले, तर? भाजी निवडताना, दळण टाकताना, मला तो पाठींचा गोल दिसायचा, आणि मध्ये मी नसायची.

घरी आल्यावर

बाकावरच्या त्या बाईनं विचारलं होतं, घरी गेल्यावर काय होतं? घरी गेल्यावर पाहुणे होतात. प्रत्येकाच्या माहितीतला एकजण असाच गेलेला असतो, आणि तो कसा गेला हे ते चहा पिता पिता तुम्हाला सांगतात.

झोप लागते, पण अंग सैल सोडायची भीती वाटते. आतलं मशीन झटका देईल का, कसा देईल, याची वाट बघत माणूस जगतं. जिना चढताना एक हात कठड्यावर आणि लक्ष सगळं खांद्याखाली. मोबाइल डाव्या बाजूला छातीजवळ ठेवायचा नाही म्हणतात. आम्हा बायकांचं मोबाइलचं कपाट तेच. त्यामुळं माझा फोन कायम हरवलेला असतो, आणि तो सापडेपर्यंत घरातल्यांना वाटतं माझ्या मेंदूलाच अजून पुरतं बरं नाही.

नवराबायकोत एक नवीन सभ्यता आली. पप्पा माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. भांडण काढलं तर मी मरेन अशी त्यांना भीती. इतक्या वर्षांच्या संसारात भांडणच बंद पडलं, तर उरतं काय? स्थळाचा विषय निघाला की दोघंही टीव्हीकडं बघायचो. बंद असला तरी.

कापलेला कुर्ता

कंपनीनं मला परत घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. फळ्यावर उभं राहणं गेलं. आता मी खोक्यांवरची लेबलं तपासते. काळी अक्षरं, पांढरा कागद. एवढे दोन रंग मला पुरतात.

सेफ्टी कमिटीवरही घेतलं, जिवंत पुरावा म्हणून. मशीन आता लाइनवर आणायचं होतं आणि पेटी कशी घ्यायची, कुठं लावायची हे ठरवायचं होतं. सेफ्टी ऑफिसर भला माणूस. त्याला कुलपाची पेटी हवी होती, कारण आमच्याकडं फर्स्ट एडच्या डब्यातल्या पट्ट्या राहत नाहीत.

“ताई, चोरीला गेलं तर?”

“सर, ते चोरून माणूस करणार काय? मोबाइल चार्ज?”

कुलूप गेलं. उघडली की भोंगा वाजेल अशी पेटी ठरली. लाइन आणि कँटीन यांच्या मधल्या बोळात, सगळ्यात बुटक्या बाईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. उंची मोजायला मलाच उभं केलं. आत कात्री ठेवायची हेही मान्य झालं. अडलं ते पेटीवरच्या एका ओळीवर. मला लिहून हवं होतं, ‘बाई असली तरी कपडे कापा, थांबू नका.’ ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, भावना पोचल्या, पण असं भिंतीवर लिहिता येत नाही. शेवटी लागलं ते असं: ‘कृपया सूचनांचे पालन करावे.’

मग सराव झाला. सरावाचा पुतळा म्हणजे एक धड, टक्कल पडलेलं, उघडं, पुरुषाचं. सगळ्यांनी त्याला फटाफट पॅडं लावली, टाळ्या झाल्या. मी पिशवीतून माझा एक जुना कुर्ता काढला, पुतळ्याला घातला, वर ओढणी पिन केली. लोक हसले. “काय ताई, साखरपुडा का?” मशीनमधली बाई बोलायला लागली आणि हसणं थांबलं. पुढं आलेला धिप्पाड गडी पॅडं हातात धरून म्हणाला, “हे सिस्टर करतील ना?”

रबराचा पुतळा. तरी.

घाडगे सर मागं उभे होते. मी परत आल्यापासून त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं नव्हतं. ते पुढं आले, गुडघ्यावर बसले आणि कुर्ता गळ्यापासून खालपर्यंत कापला.

नंतर बोळात ते मला म्हणाले, “सुनीताताई, त्या दिवशी मला सगळं येत होतं.”

मी कापलेल्या कुर्त्याची घडी घालत होते.

“सगळं पाठ होतं. घरी जाऊन सांगितलं, तर आई म्हणाली, बरं केलंस बाईमाणसाच्या कपड्यांना हात लावला नाहीस.”

त्यांना बरं वाटेल असं काही बोलायला हवं होतं. मला एवढंच सुचलं, “आज पटकन झालं, सर.”

पार्किंगमधली मिटिंग

माझ्या पडण्यामुळं आमच्या सोसायटीलाही पेटी घ्यायची हुक्की आली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मिटिंग झाली. माझ्या एका बाजूला पप्पा, दुसऱ्या बाजूला ऋतुजा, समोरच्या रांगेत सोनवणे वहिनी.

चेअरमन काकांना पेटी क्लब हाउसमध्ये हवी होती. तिथं टाइल्स चांगल्या आहेत. पण क्लब हाउसला कुलूप असतं, चावी त्यांच्याकडं आणि ते सकाळी फिरायला आळंदी रोडला. यावर बराच वेळ गेला. शेवटी लिफ्टजवळची भिंत ठरली, बिनकुलपाची पेटी ठरली. मी खूश होणार, एवढ्यात काका म्हणाले, “आता राहिला लेडीजचा प्रश्न. महिला मंडळातल्या चौघींची टीम करू. कोणी लेडीज पडल्या, की टीमला फोन करायचा. त्या येऊन सगळं व्यवस्थित करतील.”

टाळ्या पडल्या. सोनवणे वहिनींनीही वाजवल्या. चार नावं ठरली. त्यातल्या तिघी दिवसभर ड्युटीवर असतात आणि चौथी मी. पडणारीही मीच, उचलणारीही मीच.

मी उभी राहिले. “काका, फोन करण्यात वेळ जातो. माझा गेलाय. जो जवळ असेल त्यानं कपडे कापायचे आणि मशीन लावायचं. बाई असो, बुवा असो.”

मागच्या रांगेतले एक गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, “वहिनी, तुमचं ठीक आहे. पण घराघरात तरण्या पोरी आहेत. उद्या कुणाच्या पोरीला हात लावला आणि तिचा बाप भांडायला आला, तर आम्ही काय करायचं?”

माना हलल्या. पप्पा स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

ऋतुजा उठली. मला वाटलं पाणी प्यायला चाललीय.

“काका, मी तरणी पोरगी आहे,” ती म्हणाली. दोघंतिघं हसले. “मलाही आईचाच आजार आहे. तपासणी झालीय. मी कधीही पडू शकते. मी पडले तर टीमला फोन करू नका. जो कोणी तिथं असेल त्यानं माझे कपडे कापा आणि मशीन लावा. आत्ता शुद्धीत आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.”

सोनवणे वहिनींनी मागं वळून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि परत पुढं तोंड केलं. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं.

चेअरमन काकांनी घसा साफ केला. ते ऋतुजाशी बोललेच नाहीत. तिच्या डोक्यावरून बघत म्हणाले, “दिलीपराव, तुमचं काय म्हणणं आहे?”

पप्पा अर्धवट उठले, परत बसले. मी त्यांचा हात धरणार होते, पण धरला नाही.

“मला काय विचारता?” ते म्हणाले. “तिनं सांगितलं की.”

सोनवणे वहिनी संध्याकाळी येऊन गेल्या. चहा घेतला नाही. भाच्याचा सध्या लग्नाचा विचार नाहीये म्हणाल्या, त्याला आधी परदेशात जायचंय. पप्पा म्हणाले, “बरं केलं वहिनी, लगेच सांगितलं.” त्या गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि बराच वेळ कडीवरचा हात काढला नाही. ऋतुजा आत जाऊन भांडी घासायला लागली. या वेळी भांड्यांचा आवाज वेगळा होता. मध्येच नळ तसाच चालू राहायचा आणि बाकी काही ऐकू यायचं नाही.

पप्पा आत गेले. मी उंबऱ्यातच थांबले.

“ऋतू,” ते म्हणाले, “ती पॅडं कुठं लावायची असतात?”

तिनं नळ बंद केला, हात पुसले. डोळे लाल झालेले. तिनं त्यांच्या शर्टावर बोट ठेवलं. “एक इथं, उजव्या खांद्याखाली. दुसरं डाव्या बाजूला, काखेच्या खाली. कपड्यावरून नाही चालत. कातडीवर.”

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. चुकीच्या जागी. तिनं धरून खाली सरकवला.

“परत एकदा दाखव,” ते म्हणाले.